वाया गेलेले मत

निवडणूक जवळ आली की मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात, नाक्यावर, बसच्या रांगेत एक वाक्य हमखास कानी पडते : "माणूस चांगला आहे हो, पण निवडून येणार नाही. मत वाया कशाला घालवायचे?" वरवर पाहता हा व्यवहारी सल्ला आहे. पण त्यात एक नैतिक प्रश्न दडला आहे. आपल्याला योग्य वाटतो त्याला मत द्यावे, की नको असलेल्याला जो रोखू शकेल त्याला?

हा पेच मतदानाच्या नियमातून उभा राहतो. विधानसभेला ज्याला सर्वांत जास्त मते, तो विजयी. निम्म्याहून अधिक मतांची अट नाही. २०२४ साली वसई मतदारसंघात भाजपच्या स्नेहा दुबे-पंडित यांना सुमारे साडेसत्त्याहत्तर हजार, बहुजन विकास आघाडीचे हितेंद्र ठाकूर यांना सुमारे चौऱ्याहत्तर हजार आणि काँग्रेसचे विजय पाटील यांना सुमारे बासष्ट हजार मते मिळाली. फरक अवघा ३,१५३ मतांचा. निकाल नियमाप्रमाणेच लागला. पण त्या बासष्ट हजारांची दुसरी पसंती कोण होती, हे विचारण्याची सोयच या पद्धतीत नाही.

दुसरी पद्धत आपल्याला अगदीच अनोळखी नाही. आपल्या शाळांतील शिक्षक कोकण शिक्षक मतदारसंघात आणि नाव नोंदवलेले पदवीधर कोकण पदवीधर मतदारसंघात उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितात. पहिल्या मोजणीत कुणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते पुढच्या पसंतीप्रमाणे वाटली जातात. तेथे आवडत्या उमेदवाराला पहिले मत देऊनही नावडत्याला रोखता येते.

मग विधानसभेलाही हेच का नको? अडचणी आहेत. लाखो मतदार, मतदान यंत्रे, लांबणारी मोजणी, लिहिता-वाचता न येणाऱ्यांचा प्रश्न. शिवाय पैसे घेऊन दिलेले मत कोणत्याही पद्धतीने शुद्ध होत नाही. तरीही या सुधारणेची चर्चा आपण करायला हवी. प्रामाणिक माणसाला कमीत कमी पेचात टाकतो, तो नियम बरा.

तोवर काय करावे? ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात (क्र. २२४०) मतदान हे नैतिक कर्तव्य म्हटले आहे. मत कुणाला द्यायचे, हे मात्र ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवर आहे. मोठे नुकसान टाळण्यासाठी कुणी दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराला मत दिले, तर तो लबाड ठरत नाही. परिणामांचा विचार करणे हीसुद्धा जबाबदारीच आहे. पण हरणाऱ्याला दिलेले मत वाया जाते, हे आम्हांला मान्य नाही. ते मोजले जाते, नोंदले जाते आणि पुढच्या वेळी इतरांना धीर देते. १९९० पासून सलग चार निवडणुका हितेंद्र ठाकूर यांनी वसईत जिंकल्या होत्या. तरी २००९ साली, गावे महापालिकेत घालण्याविरुद्धचे आंदोलन तापलेले असताना, विवेक पंडित येथून अपक्ष निवडून आले. 'निवडून येणार नाही' हे भाकीत सर्वांनी मानले, तरच ते खरे ठरते.

आणि मते फुटली तर दोष मतदाराच्या माथी का? मते फुटायची सुरुवात मतदान केंद्रात होत नाही. समविचारी उमेदवार अर्ज मागे घेण्याच्या मुदतीपर्यंत एकत्र बसत नाहीत, तेव्हाच ती झालेली असते. म्हणून बंधुभगिनींनो, प्रचाराला दारी येणाऱ्यांना त्या मुदतीआधीच विचारू या : तुम्ही एकमेकांशी बोललात का? हे न विचारता शेवटच्या दिवशी शेजाऱ्याला 'मत वाया घालवू नकोस' म्हणून दटावणे न्यायाचे नाही. त्याचे मत त्याचे आहे. आपण आपले, कुणाच्या दडपणाखाली न येता आणि विकत न देता, देऊ या.