चौदाशे वर्षे आणि काही महिने

‘शिऊझन’ या चिनी शब्दाचा ढोबळ अर्थ सत्याची साधना. चीनमध्ये या साधनेवर कादंबऱ्यांचा कारखानाच चालतो. श्वास, ध्यान आणि औषधी गोळ्यांच्या बळावर माणूस पायरीपायरीने अमरत्वाकडे चढत जातो. या कथा बहुधा डोंगर, मठ, गुहा अशा जुन्या काळात घडतात. ‘कल्टिव्हेशन चॅट ग्रुप’ मात्र आजच्या शहरात घडते. लेखकाचे टोपणनावच ‘पॅलाडिनची दंतकथा’ अशा अर्थाचे आहे. मी ती इंग्रजी अनुवादातून वाचली.

सॉन्ग शूहांग हा अठरा वर्षांचा कॉलेजकुमार एका चॅट ग्रुपमध्ये चुकून घेतला जातो. तिथली मंडळी एकमेकांना अद्भुत पदव्यांनी हाका मारतात, विजेच्या संकटांची चर्चा करतात. कथाकादंबऱ्या वाचून यांची डोकी फिरली आहेत, असे त्याला वाटते. मग ग्रुपवर आलेली एक औषधाची कृती तो इंडक्शनच्या शेगडीवर, हॉटपॉटच्या पातेल्यात शिजवून बघतो. हा भाग मला फार आवडतो. दिव्य वस्तू इथे कुरिअरने येतात, आणि शेकडो वर्षे जगलेली माणसे ग्रुपवर आपल्यासारखीच फालतू बोलतात.

या कादंबरीचे खरे बळ तिच्या स्वभावात आहे. या प्रकारच्या कितीतरी कथांत बलवान तेवढा खरा. दुसऱ्याचा खजिना मारून नेणे हा जणू अभ्यासक्रमाचाच भाग. इथे ज्येष्ठ साधक एका नवख्या पोराला सांभाळून घेतात, शिकवतात, त्याची थट्टाही करतात. सामर्थ्य आले म्हणजे माणसाने क्रूरच व्हायला हवे असे नाही, हे लेखक भाषण न देता दाखवतो.

पण मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. इतरांना ज्या पायऱ्या चढायला शतके लागली, त्या शूहांग काही महिन्यांत चढतो. का? तर तो चुकून त्या ग्रुपमध्ये आला म्हणून. बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली ‘नैतिक दैव’ ही कल्पना मांडली: ज्या गोष्टी आपल्या हातात नाहीत, त्यांवरूनही आपले मोल ठरते, ही अडचण. मी बरीच वर्षे तबला शिकलो. माझ्या मागून आलेली मुले पुढे निघून गेली, आणि त्यांचा रियाज माझ्यापेक्षा जास्त होता असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. म्हणून शूहांगच्या यशावर हसताना त्या ज्येष्ठांकडे माझे लक्ष जाते. त्यांना हेवा का वाटत नाही? लेखक हा प्रश्न विनोदात उडवून लावतो.

मराठी वाचकाला इथे चांगदेव आठवणारच. योगबळाने चौदाशे वर्षे जगलेला, वाघावर बसून येणारा. त्याने ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठवले, तेव्हा इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाल्याची कथा आहे. ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले. पातंजल योगसूत्रांतही सिद्धी या समाधीतला अडथळा मानल्या आहेत. आपल्याकडे प्रश्न ‘किती चढलास’ हा नव्हता, ‘काय कळले’ हा होता. शूहांग नऊ टप्प्यांची शिडी चढतो; त्याला काय कळले, हे मला अखेरपर्यंत सांगता आले नसते. तो मुळात चांगला मुलगा होता, तसाच राहतो.

याला धंद्याचेही कारण आहे. ‘छिदियान’ या संकेतस्थळाने २००३ साली पैसे भरून प्रकरणे वाचण्याची पद्धत आणली, आणि दर हजार अक्षरांमागे ठरतो. थांबणे लेखकाला परवडत नाही. म्हणून ही कथा तीन हजारांहून अधिक प्रकरणे चालते. प्रत्येक शत्रूमागे आणखी मोठा शत्रू. नायक मरतो, पुन्हा उठतो, आणि त्याचे मरणे हा चालू विनोद होऊन बसतो. मरण स्वस्त झाले की कुणासाठी जीव कासावीस होत नाही. अमरत्वाची कथा सांगताना हे होणे विचित्रच आहे, कारण मरणाची भीती नसेल तर साधना करायचीच कशाला?

पुढेपुढे मी लढाया गाळून ग्रुपवरच्या गप्पा तेवढ्या वाचत गेलो.