तिळातले तेल, कुपीतली पूड

संगणकाच्या साहाय्याने औषधी रेणू कल्पिणे हा ज्याचा नित्याचा व्यवसाय आहे, त्याला सांख्य आणि नैयायिक यांचा पुरातन वाद अद्याप निकालात निघालेला नाही याची प्रचीती रोज येते. तेल तिळात आधीपासूनच असते, घाणा ते केवळ प्रकट करतो, असे सांख्य म्हणतात; घडण्यापूर्वी मातीत घट नव्हताच, असा नैयायिकांचा आग्रह. मी पडद्यावर जो रेणू मांडतो तो कोणी घडविलेला नाही, त्याला वजन नाही, गंध नाही; तरी त्याच्या प्रत्येक बंधाची लांबी मला ठाऊक असते. मग तो आहे, की नाही?

औषधास योग्य अशा संभाव्य लहान रेणूंची संख्या एकावर साठ शून्ये इतकी मानतात. तिच्याकडे पाहिले की मन सांख्यांकडे झुकते. आपली भाषाही तिकडेच ओढते, कारण औषध आपण ‘शोधतो’, जणू ते कोठे तरी ठेवलेलेच होते. कॅप्टोप्रिल या रक्तदाबावरील औषधाचा दाखला घ्या. ब्राझीलमधील जराराका सापाच्या विषातील पेप्टाइडे रक्तदाब वाढविणाऱ्या एका विकराला अडवितात असे आढळले. त्यावरून औषध घडविणाऱ्या कुशमन आणि ओंडेटी यांनी त्या विकराची घडण पाहिलेली नव्हती. मानवी विकराची आकृती २००३ साली प्रसिद्ध झाली. परंतु तसेच जस्त बाळगणारे दुसरे एक विकर परिचयाचे होते, आणि गाय पाहिलेल्याने अरण्यात गवय ओळखावा त्या रीतीने, केवळ सादृश्याच्या बळावर, जस्ताला धरील असा गंधकाचा अणू त्यांनी नेमक्या जागी बसविला. ते औषध १९८१ साली अमेरिकेत संमत झाले. जस्ताची गंधकाविषयीची ओढ त्यांनी निर्माण केली नव्हती, हे सांख्यांचे म्हणणे मला मान्यच आहे. वाळूतून तेल निघत नाही.

पण एकदा माझ्या हिशेबात सर्वांत वर आलेला रेणू घडविण्यात माझ्या सहकारिणीचे सहा आठवडे गेले. तिने आणलेली कुपी मी उजेडापुढे धरली. तळाशी चिमूटभर शुभ्र पूड होती. चाचणीत तिचा परिणाम शून्य. खुलासा पुढे झाला: प्रथिनाच्या खाचेत, अगदी तळाशी, पाण्याचा एक रेणू दोन बाजूंनी हायड्रोजन-बंधांनी घट्ट धरलेला होता, आणि रिवाजाप्रमाणे सारे पाणी मी आरंभीच पुसून टाकले होते. त्याला हुसकण्याची किंमत माझ्या जमाखर्चात नव्हती. जेथे मोलमागे दीड किलोकॅलरीच्याही आतली चूक पकड दहापटींनी बदलते, तेथे ही वगळणूक लहान नव्हे.

तेव्हापासून मी नैयायिकांच्या पक्षाचा आहे. औषधपण हा एकट्या रेणूचा गुण नव्हे. रेणू, प्रथिन, पाणी आणि रुग्णाचे शरीर यांच्या संयोगात ते उत्पन्न होते, आणि संयोग घडण्यापूर्वी तो कोणत्याही यादीत नसतो. रुग्णाच्या दृष्टीने तर न घडविलेला रेणू नाहीच, आणि त्याची दृष्टी मला अंतिम वाटते.

आता खाचेतले पाणी मी एकेक रेणू करून तपासतो. परवाच्या प्रथिनात सात होते, दोन ठेवले.