पोर कुणाचं?

१९६८ साली मेलबर्नच्या बारा फुटबॉल क्लबांमध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या ग्रामीण भागाची वाटणी झाली. अगदी भावाभावांत जमिनीची होते तशी. बेंडिगोकडची पोरं कार्लटन क्लबची, मॉर्निंग्टन द्वीपकल्पाकडची हॉथॉर्नची. गावात एखादं पोर उंच उडी मारून चेंडू झेलायला लागलं, की ते पुढे कुठल्या क्लबाकडून खेळणार हे त्याच्या घराच्या पत्त्यावरून ठरलेलं असे. त्याची आवड, बापाची निष्ठा, दुसऱ्या क्लबाने दाखवलेलं आमिष, कशालाच किंमत नव्हती. सातबारा क्लबाच्या नावावर.

हा आपल्याला माहीत असलेला फुटबॉल नव्हे. ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर खेळतात, एका बाजूला अठरा जण. चेंडूही लंबगोल, तो पायाने मारायचा किंवा मुठीने ठोसून पुढे द्यायचा, फेकायचा नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. (नेम चुकल्याबद्दलही गुण देणारा हा खेळ मला त्यामुळेच आवडतो.) मैदान क्रिकेटचं, कारण जन्मही क्रिकेटवाल्यांच्याच घरातला. १८५८ साली टॉम विल्स या क्रिकेटपटूने वृत्तपत्राला पत्र लिहिलं, की हिवाळ्यात क्रिकेटपटू सुस्तावतात, तर त्यांनी फुटबॉलचा क्लब काढावा. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये नियम लिहून झाले. तिथले लोक या खेळाला लाडाने ‘फुटी’ म्हणतात.

वाटणीत हॉथॉर्नचं नशीब फळफळलं. १९६८पूर्वी या क्लबाकडे एकच अजिंक्यपद होतं, १९६१चं. पुढे १९७१ ते १९९१ या काळात आठ आली. ली मॅथ्यूज चेल्सीचा, पीटर नाइट्स लाँगवॉरीचा, मायकेल टक बेरिकचा. सगळे मेलबर्नच्या आग्नेयेकडच्या एकाच पट्ट्यातले. टक तर ४२६ सामने खेळला आणि तो विक्रम २०१६पर्यंत कुणाला मोडता आला नाही. शहर त्याच दिशेला वाढत होतं, नवी घरं तिकडे होत होती, घरात पोरं होती. ज्यांच्या वाट्याला ओसाड माळ आला, ते क्लब बसले चडफडत.

ही वाटणी अन्यायाची होती, यात वाद नाही. पण तिच्यात एक व्यवहारी शहाणपण होतं आणि ते मला पटतं. रान आपलं आहे म्हटल्यावर माणूस बांध घालतो, खत टाकतो. पाच वर्षांनी फळ आपल्याच हाती येणार याची खात्री असली, तर क्लब खेड्यातल्या मैदानावर प्रशिक्षक धाडतो, पोराच्या आईशी ओळख ठेवतो, त्याच्या गुडघ्याची चौकशी करतो. खात्री नसेल तर कोण कशाला तसदी घेईल?

ती खात्री आधी न्यायालयात डळमळीत झाली. साउथ मेलबर्न हा क्लब १९८२मध्ये बाडबिस्तरा घेऊन सिडनीला गेला. सिल्व्हियो फॉस्किनी या त्याच्या तरुण खेळाडूला मेलबर्नमध्येच राहून सेंट किल्डाकडून खेळायचं होतं. क्लबांची लीग परवानगी देईना. १९८३ साली व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की माणसाला असं बांधून ठेवणारे नियम म्हणजे त्याच्या रोजगारावर घातलेली बेकायदा आडकाठी आहे. मग १९८६ साली आला ‘ड्राफ्ट’, आणि ग्रामीण भागाची वाटणीही संपली.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव नव्हे. लिलावात ज्याची थैली जड त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये जो संघ यंदा तळाला राहिला त्याने आधी निवडायचं, विजेत्याने सगळ्यांत शेवटी. अठरा वर्षांचा पोरगा नाव नोंदवतो. कुठे जायचं हे त्याला विचारत नाहीत. पंगतीत सगळ्यांत भुकेल्याला आधी वाढायचं, असा हा न्याय आहे, आणि पंगतीपुरता तो उत्तमच आहे. आयपीएलनेही सुरुवातीच्या हंगामांत संघात स्थानिक खेळाडू असावेत अशी अट घातली होती; पुढे ती गुपचूप गेली आणि आपण कुणी हळहळलोही नाही. ऑस्ट्रेलियात मात्र लोक अजून हळहळतात. तिथे अनेक घरांत क्लब वारशाने येतो, आडनावासारखा.

ड्राफ्ट आल्यावर गावाकडच्या पोरांना घडवायचं कुणी? हे काम १९९२पासून लीगच्या अठरा वर्षांखालील स्पर्धेकडे आलं. जिलाँग फाल्कन्स, बेंडिगो पायोनियर्स, मरी बुशरेंजर्स, गिप्सलँड पॉवर असे प्रदेशवार संघ झाले. पोरगा आपल्या भागातच वाढायचा, पण मोठ्या क्लबांपैकी कुणाचाच नसायचा. ल्यूक हॉज कोलॅक गावचा, फाल्कन्समध्ये तयार झाला. २००१च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर हॉथॉर्नने त्याला उचलला. त्याच फाल्कन्सचा पॅट्रिक डेंजरफील्ड २००७च्या ड्राफ्टमध्ये ॲडलेडने निवडला आणि समुद्रकाठचं घर सोडून तो तिकडे गेला. आठ हंगाम तिथे खेळला, मोठा झाला आणि २०१५च्या अखेरीस म्हणाला, मला घरी जायचंय. जिलाँगला परतल्यावर पहिल्याच वर्षी, २०१६मध्ये, त्याने ब्राउनलो पदक जिंकलं. म्हणजे त्या वर्षीचा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू तो ठरला.

या घरओढीला तिथे ‘गो होम फॅक्टर’ असं भारदस्त नाव आहे. आपल्याकडे त्याला गावाची आठवण म्हणतात. तिचा सगळ्यांत मोठा फटका बसला ब्रिस्बेन लायन्सला. २०१३च्या अखेरीस त्यांचे पाच तरुण खेळाडू एकदम सोडून गेले: यो, डॉकर्टी, पोलेक, लाँगर आणि कार्नेझिस. पाचही जण बाहेरून, ड्राफ्टमधून आणलेले. क्लबाने त्यांना खाऊपिऊ घातलं, शिकवलं, आणि फळ धरायच्या वेळेला झाड उठून चालू लागलं. यो पुढे वेस्ट कोस्टकडून २०१८चं अजिंक्यपद जिंकला. ब्रिस्बेनवाल्यांना त्या दिवशी टीव्ही बघवला असेल असं वाटत नाही.

इथे नकाशा समजून घ्यायला हवा. इयन टर्नर या इतिहासकाराने १९७८ साली एका भाषणात ‘बरासी रेषा’ नावाची एक कल्पित रेघ ओढली. रॉन बरासी या दंतकथा बनलेल्या खेळाडूचं नाव तिला दिलं. रेघेच्या नैर्ऋत्येला फुटीचा मुलूख, ईशान्येला रग्बीचा. सिडनी आणि ब्रिस्बेन रेघेपलीकडे. तिथल्या पोराच्या हाती लहानपणी येतो तो रग्बीचा चेंडू. तिथे संघ वसवायचा तर काय करायचं? एक वाट झगमगाटाची होती. गोल्ड कोस्ट आणि ग्रेटर वेस्टर्न सिडनी हे नवे संघ निघाले तेव्हा रग्बीतले दोन नामांकित गडी आणले गेले, कार्माइकल हंट आणि इझ्रायल फोलाऊ. हंटने निदान इमानाने काही वर्षं घाम गाळला. फोलाऊ २०१२चा एक हंगाम, तेरा सामने खेळला आणि रग्बीकडे परतला. वर्तमानपत्रांत जागा भरपूर मिळाली. पोरं किती मिळाली, हे विचारू नये.

दुसरी वाट लांबची. सिडनी स्वान्सने २०१०मध्ये अकादमी काढली आणि उत्तरेकडचे बाकीचे तीन संघही त्याच मार्गाला लागले. बारा-तेरा वर्षांची पोरं हेरायची, चार-पाच वर्षं शिकवायची, आणि ड्राफ्टमध्ये दुसऱ्या कुणी त्यांच्यावर बोट ठेवलं तर तेवढीच किंमत मोजून त्यांना आपल्याकडे ठेवण्याचा पहिला हक्क अकादमीच्या क्लबाचा. म्हणजे सातबारा परत आला, फक्त या वेळी शेतसारा भरून. न्यूकॅसल-मेटलंडकडचा आयझॅक हीनी हे या अकादमीचं पहिलं मोठं पीक. २०१४च्या ड्राफ्टमध्ये मेलबर्न क्लबाने त्याच्यासाठी दुसऱ्या क्रमांकाची बोली लावली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे स्वान्सला तो अठराव्या क्रमांकाच्या निवडीत मिळाला. मेलबर्नच्या क्लबांनी आकाशपाताळ एक केलं. कॉलिंगवूडचे तेव्हाचे अध्यक्ष एडी मॅग्वायर तर अकादम्यांवर उघड तुटून पडत. पुढच्या वर्षीपासून लीगने प्रत्येक क्रमांकाला गुण ठरवून दिले आणि बोलीइतके गुण चुकते करायला लावले, वर वीस टक्के सवलत. पुढे ती दहावर आली.

मॅग्वायर यांची तक्रार खोटी नव्हती. पण सिडनीच्या अकादमीने पिकवलं नसतं, तर हीनी मेलबर्नला मिळाला असता असं थोडंच आहे? तो रग्बी खेळत असता. ज्याच्यावर भांडण चाललंय ते पीक भांडणाऱ्यांपैकी एकानेच पेरलेलं आहे, ही साधी गोष्ट त्या गदारोळात कुणी फारशी मनावर घेतली नाही.

ब्रिस्बेनचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. २०२४ आणि २०२५, ओळीने दोन अजिंक्यपदं. कर्णधारांपैकी एक हॅरिस अँड्र्यूज, ब्रिस्बेनचाच, अकादमीतला. २०१४च्या ड्राफ्टमध्ये एकसष्टाव्या क्रमांकावर घेतलेला. दोन्ही अंतिम सामन्यांत सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक विल ॲशक्रॉफ्टला. तोही ‘आपला’, पण वेगळ्या वाटेने. त्याचे वडील मार्कस २००१ ते २००३ या तिन्ही वर्षी ब्रिस्बेनच्या विजेत्या संघात होते. बापाने क्लबाकडून शंभर सामने खेळलेले असले की मुलावर क्लबाचा पहिला हक्क, असा ‘फादर-सन’ नियम आहे. त्याचं मूळ १९४९पर्यंत जातं. गंमत अशी, की विलने ड्राफ्टआधीची उमेदवारी केली ती मेलबर्नच्या सँडरिंगहॅम ड्रॅगन्समध्ये. मग स्थानिक कोण? त्या मातीत वाढला तो, की त्या रक्ताचा तो? लीगचं उत्तर सोयीचं आहे: दोघेही. मला स्वतःला रक्ताचा हक्क खटकतो. आपण घराणेशाही पुरेशी पाहिली आहे. पण कॉलिंगवूडकडून वडील पीटर डायकॉस यांचं आडनाव घेऊन निक धावतो तेव्हा म्हाताऱ्या प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि माझा युक्तिवाद त्या पाण्यापुढे टिकत नाही, हेही खरं.

सगळ्यांत अवघड गाठ मात्र निराळीच आहे. २०१६मध्ये लीगने क्लबांना आणखी एक प्रकारची अकादमी दिली: आदिवासी मुलं आणि ज्यांचे आईवडील आफ्रिकेतून-आशियातून आलेले आहेत अशी मुलं, त्यांच्यासाठी. हेतू चांगला. ज्या घरात फुटीचं नावही कुणी ऐकलेलं नाही, त्या घराच्या दारात क्लबाने जावं. २०२०मध्ये वेस्टर्न बुलडॉग्जच्या अकादमीतला जमारा उगल-हेगन देशात पहिल्या क्रमांकाचा निघाला आणि बुलडॉग्जने त्याला राखला. झालं, बाकीचे खवळले. लीगने घाईने नियम बदलला: पहिल्या वीस निवडींत या मुलांवर हक्क सांगायचा नाही. म्हणजे मुलगा बेताचा निघाला तर तुमचा, हिरा निघाला तर सगळ्यांचा! लगेच २०२१मध्ये मेलबर्नच्या अकादमीतला मॅक अँड्र्यू, दक्षिण सुदानी आईबापांचा मुलगा, पाचव्या क्रमांकावर गोल्ड कोस्टने नेला आणि मेलबर्न बघत राहिलं. पुढे हा नियमही सैल झाला. लीगच्या नियमावलीचं आयुष्य आपल्या परीक्षा मंडळाच्या परिपत्रकाएवढंच.

अँड्र्यू मात्र घरी पळून आला नाही. गोल्ड कोस्टलाच रमला आणि त्याने तिथेच दीर्घ मुदतीचा करार केला. माझं सगळं गणित या एका पोराने बिघडवून ठेवलं आहे. आईबापांनी एवढे देश ओलांडलेले असल्यावर मेलबर्न ते गोल्ड कोस्ट हे अंतर ते काय?

याच्या उलट टोकाला टिवी बेटं. डार्विनच्या उत्तरेला समुद्रात, वस्ती काही हजारांची, आणि फुटीचं वेड असं की अंतिम सामन्याला बेट लोटतं. रिओली घराणं तिथलं. मॉरिस रिओलीला १९८२मध्ये हरलेल्या संघात असूनही नॉर्म स्मिथ पदक मिळालं. पुतण्या सिरिलला २०१५मध्ये जिंकलेल्या संघात. सिरिल चौदा वर्षांचा असताना मेलबर्नच्या स्कॉच कॉलेजच्या वसतिगृहात आला. उत्तरेतून थेट दगडी इमारतींत, थंडीत. २०१८मध्ये ऐन भरात, हंगाम अर्ध्यावर असताना त्याने खेळणं थांबवलं आणि तो उत्तरेला परत गेला. गुणवत्ता हेरणारे लोक पोराची धाव सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात, उडी सेंटिमीटरमध्ये मोजतात. तो घरापासून किती दिवस लांब राहू शकेल, हे मोजायचं घड्याळ त्यांच्याकडे नसतं.

म्हणून मला पर्थच्या जेरार्ड नीशम यांचा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो. फ्रीमँटलचे हे पहिले प्रशिक्षक. २००० साली त्यांनी क्लॉन्टार्फ नावाने आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, आणि त्यांचा हिशेब उलटा होता. फुटीसाठी मुलं शोधायची नाहीत. मुलं शाळेत टिकावीत म्हणून फुटी वापरायची. वर्गात हजर राहिलास तर सरावाला ये. आज हे काम देशभरच्या शाळांमधून चालतं आणि त्यातली बहुतेक मुलं कधीच मोठ्या मैदानावर दिसत नाहीत. कुणी गवंडी होतो, कुणी खाणीत यंत्र चालवतो. काही थोडे लीगमध्येही पोचले, पण ते वरकड.

मुलींच्या लीगने तर नकळत आणखी एक धडा घालून दिला. ही लीग, एएफएलडब्ल्यू, २०१७मध्ये सुरू झाली. मानधन एवढं तुटपुंजं, की अठरा वर्षांच्या मुलीला शिक्षण आणि नोकरी सोडून परराज्यात जा म्हणणं शक्यच नव्हतं. तेव्हा पहिली काही वर्षं ड्राफ्टमध्ये प्रत्येक मुलीने आपलं राज्य सांगायचं आणि त्या राज्यातल्या संघांनीच तिला निवडायचं, अशी सोय केली. जी मुभा मुलांना कधी मिळाली नाही ती मुलींना मिळाली, कारण लीगजवळ त्यांना द्यायला पैसे नव्हते.

हे सगळं मी वाचायला लागलो त्याला कारण नात. लेक-जावई मेलबर्नच्या पश्चिमेला राहतात, जिथे भाजीवाल्याकडे अळूची पानं मिळतात. २०२१च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियात भारतात जन्मलेली पावणेसात लाखांच्या आसपास माणसं होती. त्यातली निम्मी या एकाच उपनगरात राहत असावीत असं शनिवारी सकाळी वाटतं. ‘ऑसकिक’ नावाचा लहान मुलांचा वर्ग भरतो. मैदानाच्या कडेला स्वेटर घातलेले आजी-आजोबा, हातात थर्मास. आशियातल्या आईबापांची मुलगी म्हणून उद्या तिचं नाव कुठल्या क्लबाच्या यादीत लागेल, असा विचार माझ्याच मनात येतो, तिच्या आईच्या नाही. आईला चिंता एवढीच, की त्याच वेळेला मराठी शाळा असते.

नातीने तिचा संघ ठरवून टाकला आहे. शेजारपाजारची सगळी मुलं बुलडॉग्जची. ही ब्रिस्बेनची, कारण जर्सीवर सिंह आहे. ब्रिस्बेन घरापासून सतराशे किलोमीटर लांब आहे, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.