किती कमी पुरेल?

परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना एक प्रश्न पडला आणि त्याचं उत्तर २०२४ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त छापून आलं. केमोनंतरच्या उलट्या-मळमळ थांबवायला इतर औषधांच्या जोडीने ओलान्झापीनची १० मिलिग्रॅमची गोळी देतात. त्याऐवजी अडीच मिलिग्रॅम दिली तर भागेल का? जबरदस्त उलट्या होणाऱ्या केमोवरचे रुग्ण निवडले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. पहिल्या पाच दिवसांत उलटी नाही, जादा औषधाची गरज नाही, मळमळ नाही किंवा अगदी किरकोळ, असे रुग्ण मोठ्या गोळीच्या गटात ४४ टक्के निघाले आणि छोट्या गोळीच्या गटात ४५ टक्के. म्हणजे काम सारखंच झालं. फरक पडला झापडीत. पहिल्या दिवशी तीव्र गुंगी आलेले रुग्ण मोठ्या गोळीवर ४० टक्के होते, छोटीवर ५ टक्के.

पाच आणि चाळीस यांतलं अंतर कळायला केमोच्या दिवशीची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणावी लागते. डे-केअरमधली खाट रिकामी करून द्यायची असते, कारण पुढचा पेशंट बाहेर फाईल घेऊन बसलेला असतो. मग टॅक्सी परवडली तर टॅक्सी, नाहीतर बस; दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली असेल तर बरं, नाहीतर डोंबिवलीच्या चुलत दिराकडे. सोबत नवरा असतो आणि त्याच्या एका हातात पिशव्या असतात. बाईचा तोल जात असेल तर त्याने काय सोडायचं आणि काय धरायचं? दुसऱ्या दिवशी पुन्हा रिपोर्टसाठी रांग. झोप लागली तर उलट चांगलंच, असं खाटेवर सुखाने पडून राहायची सोय असलेल्या माणसाने म्हणावं.

हे संशोधन मला महत्त्वाचं वाटतं ते कॅन्सरच्या बातम्यांत त्याला जागा नसते म्हणून. गाठ किती आकसली, आयुष्य किती महिन्यांनी वाढलं, नवी थेरपी किती लाखांची, हे आपण वाचतो. मळमळ, तोंड येणं, हातापायांची आग, भूक मेलेली, न संपणारा थकवा, बद्धकोष्ठ यांना आपण ‘होणारच’ या खात्यात टाकतो. घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, सोसायचं. डॉक्टरांनाही ते सोयीचं असतं. पण त्रासाचा अभ्यास ही कॅन्सरच्या उपचारांना लावलेली झालर नाही. सिस्प्लॅटिनचाच इतिहास बघा. १९७८ साली अमेरिकेत परवानगी मिळालेल्या या औषधाने वृषणाच्या कॅन्सरचं चित्रच पालटलं, पण त्याने इतक्या उलट्या होत की माणसं पुढचा डोस नको म्हणत. १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड ग्रॅला आणि सहकाऱ्यांनी मेटोक्लोप्रमाइडचे मोठे डोस देऊन पाहिले आणि या उलट्या बऱ्याच अंशी रोखता येतात, हे दाखवलं. १९९०च्या आसपास ऑन्डान्सेट्रॉन आलं. आज आपल्याकडे पोराचं पोट बिघडलं तरी ते लिहून देतात. ते मुळात केमोच्या खोलीतून आलं, हे कुणाच्या गावीही नसतं.

दरम्यान १९८३ साली सिडनीच्या डॉक्टरांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. त्रासांची नावं लिहिलेली कार्डं केमोच्या रुग्णांपुढे ठेवली आणि सांगितलं, सगळ्यांत वाईट ते वर ठेवा. पहिली आली उलटी, दुसरी मळमळ, तिसरे केस जाणं. काही वर्षांनी तशीच पाहणी झाली तेव्हा मळमळ पहिल्या क्रमांकावर होती, केस दुसऱ्या, आणि उलटी तिसऱ्यावर घसरली होती. औषधांनी ओकारी आवरली, मळमळ पुरती आवरली नाही. ती बाहेरून दिसत नाही, भांड्यात पडत नाही, म्हणून मोजलीही कमी जाते.

ओलान्झापीन हे मुळात स्किझोफ्रेनियाचं औषध. ते घेणाऱ्यांचं वजन वाढतं, ही मनोविकारतज्ज्ञांची जुनी डोकेदुखी. पाँडिचेरीच्या जिपमेर इस्पितळातल्या डॉक्टरांनी ती उलट टोकाने पकडली. जठर, फुप्फुस, यकृत-स्वादुपिंड अशा ठिकाणचा कॅन्सर झालेली माणसं डोळ्यांदेखत वाळत जातात. त्यांना केमोच्या जोडीने रोज अडीच मिलिग्रॅम ओलान्झापीन बारा आठवडे दिलं. २०२३ साली निकाल आला. पाच टक्क्यांहून अधिक वजन वाढलेले रुग्ण औषधाच्या गटात ६० टक्के होते, नुसत्या दिखाऊ गोळीच्या गटात ९ टक्के. गोळी जुनी, पेटंट संपलेली, स्वस्त. अडचण एकच, घरातला कॉलेजला जाणारा भाचा मोबाइलवर गोळीचं नाव शोधतो, ‘मानसिक आजारासाठी’ असं वाचतो आणि घरात कुजबुज सुरू होते. तेव्हा हे औषध लिहिताना दोन वाक्यं बोलणं हाही डोसचाच भाग समजावा.

दिल्लीच्या एम्समधून २०२४ साली आणखी एक निकाल आला. कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या घरी बसून घेता येतात, ही मोठी सोय. पण त्यांनी तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, चिरा पडतात. कणीक मळता येत नाही, चप्पल घालवत नाही. काहींच्या बोटांवरच्या रेषाच पुसट होतात, आणि मग रेशनच्या दुकानातल्या मशीनवर अंगठा लागत नाही. दुकानदार म्हणतो, उद्या या. एम्सने काय केलं, तर पाठदुखीला चोळतात ते १ टक्क्याचं डायक्लोफेनॅक जेल दिवसातून दोनदा हातापायांना लावायला दिलं. मध्यम ते तीव्र त्रास साध्या जेलच्या गटात १५ टक्क्यांना झाला, औषधी जेलच्या गटात ३.८ टक्क्यांना.

याहून स्वस्त उपाय म्हणजे बर्फ. फाइव्ह-एफयू हे औषध शिरेतून एकदम देताना अर्धा तास तोंडात बर्फाचे तुकडे धरले, तर तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं आणि तोंड कमी येतं. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९१ सालीच हे दाखवून दिलं. पण बर्फाचा मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह कुणाच्या केबिनबाहेर बॅग घेऊन उभा राहत नाही.

‘किती कमी पुरेल’ हा प्रश्न औषध कंपनीने स्वतःला विचारावा, असं काही कारण नसतं. केमोच्या काळापासून पद्धतच अशी, की डोस वाढवत न्यायचा, माणूस जेवढा झेपवू शकेल तिथवर, आणि तोच आकडा पक्का करायचा. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ साली ‘प्रोजेक्ट ऑप्टिमस’ सुरू केला तो ही सवय मोडण्यासाठीच. आपल्याकडच्या सरकारी आणि धर्मादाय इस्पितळांना मात्र हा प्रश्न रोज पायाखाली येतो. खाटा कमी, पैसा कमी, आणि पेशंटला रात्रीच्या गाडीने गावी परतायचं असतं. गरिबीतून शहाणपण येतंच असं नाही, गरिबीचं कौतुक तर मुळीच नको. पण मोठ्या डोसचा खर्च आणि गुंगी दोन्ही ज्यांना परवडत नाहीत, त्यांच्या गर्दीत बसलेल्या डॉक्टरला हा प्रश्न लवकर सुचतो, एवढं खरं.

त्रास मोजायचा तर तो सांगणार कोण, ही वेगळी अडचण. ओपीडीत डॉक्टर विचारतात, ‘काही त्रास?’ आई तोंड उघडायच्या आत मुलगा सांगतो, ‘नाही, तशी ठीक आहे.’ आई मान डोलावते. डॉक्टर लिहितात, त्रास नाही. मुलगा खोटं बोलत नसतो. केमो लांबू नये अशी त्याला धास्ती असते. आईला वाटतं, एवढा खर्च करतोय पोरगा, आता काय तक्रार करायची. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमध्ये ईथन बाश यांनी ७६६ रुग्णांवर केलेला प्रयोग नेमका या जागेवर बोट ठेवतो. एका गटातले रुग्ण आपले त्रास स्वतः संगणकावर नोंदवत, आणि एखादा बळावला की नर्सला इशारा जाई. दुसऱ्या गटात नेहमीचं चाले. २०१७ साली निकाल जाहीर झाला. स्वतः नोंद करणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान ३१.२ महिने, इतरांचं २६. जीवनमान मोजणारी तीस प्रश्नांची युरोपीय प्रश्नावली मराठीतही आहे. तिच्यातला पहिला प्रश्न जड पिशवी किंवा सूटकेस उचलण्याचा. सूटकेस सोडा, हंड्याचं विचारा, असं वाटतं खरं. पण विचारलं तरी जातंय, आणि बाईलाच विचारलं जातंय.

आयुष्य वाढलं म्हटल्यावर सगळ्यांचे कान टवकारतात, याचा मला थोडा राग येतो. २०१० साली बोस्टनच्या जेनिफर टेमेल यांनी फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर अभ्यास केला. निदानापासूनच पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे त्रास हलका करणाऱ्या उपचारांची, जोड मिळालेल्यांचं मन आणि दिनक्रम चांगला राहिलाच, शिवाय ती ११.६ महिने जगली, इतर ८.९. गाजलं ते दुसरं वाक्य. माणूस बऱ्या अवस्थेत राहिला, एवढं जणू पुरेसं नव्हतं. पुढच्या अनेक अभ्यासांत आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. टाटामध्येच डोक्या-मानेच्या प्रगत कॅन्सरच्या रुग्णांना, म्हणजे बहुतांशी आपल्या तंबाखू-मिश्रीच्या बळींना, अशी लवकर जोड देऊन पाहिली, तर जीवनमानातही ठळक फरक आढळला नाही. २०२१ साली हा निकाल त्यांनी सरळ छापला. बोस्टनचा साचा उचलून परळला बसवता येत नाही, हे कळणं हीसुद्धा कमाईच.

वेदनेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे अडलंय ते संशोधनापाशी नाही. मॉर्फिन ठरल्या वेळी, दुखणं उसळायची वाट न बघता द्यावं, हे लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांच्या कामातून पुढे आलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली त्याच्या पायऱ्या आखून दिल्या. त्याच साली वांद्र्याला शांती आवेदना सदन हे असाध्य कॅन्सरच्या रुग्णांसाठीचं शुश्रूषागृह उभं राहिलं. पण त्याच्या आदल्या वर्षी आपल्याकडे अमली पदार्थांचा कायदा आला होता. परवान्यांच्या जाळ्यात दुकानांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं, आणि १९९७पर्यंत देशभराचा वैद्यकीय वापर वीस किलोंच्याही खाली गेला. नीमच-मंदसौरच्या शेतांत कायदेशीर अफू पिकत असताना. केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं खेटे घातले तेव्हा कुठे २०१४ साली कायदा सैल झाला.

थकव्याचं मात्र अजून कोडंच आहे. कॅन्सरच्या रुग्णांत सर्वांत जास्त आढळणारा हा त्रास, आणि त्यावर खात्रीची गोळी नाही. चाचण्यांत वरचढ ठरतो तो माफक व्यायाम, मुख्यतः चालणं. आपल्या घरांत हे पचत नाही. ‘पडून राहा, आम्ही आहोत ना’ हे प्रेम असतं, आणि त्या प्रेमाने स्नायू आणखी सुकतात. डॉक्टर तोंडी ‘थोडं फिरत जा’ म्हणाले तर ते केबिनच्या दारातच विरतं. एका डॉक्टरांची चिठ्ठी मी पाहिली आहे. गोळ्यांच्या यादीतच, चौथ्या क्रमांकावर लिहिलं होतं: चालणे, सकाळी दहा मिनिटे, संध्याकाळी दहा मिनिटे, जेवणाआधी. सासूबाईंनी ते इतर औषधांसारखंच वेळेवर दिलं. एक दिवस पाऊस होता, तर सुनेला घरातल्या घरात माजघर ते पडवी फेऱ्या मारायला लावल्या, आणि वर विचारलं, हे रिकाम्या पोटी घ्यायचं की चहा चालेल?