हलगी वाजवून बोला

दिवाळीच्या फराळाचे ताट शेजारी पाठविताना आमच्या आईचे एक वाक्य ठरलेले असे: "यंदा चकली जरा नरमच पडली आहे हं." चकली अर्थातच कुरकुरीत असे. शेजारच्या काकूंनी "छे, छे, अशी चकली आमच्याकडे कुठली व्हायला!" असे म्हणावे, एवढ्यासाठीच तो विनय. स्तुती दुसऱ्याच्या तोंडूनच यावी, हा त्यातला दंडक. परंतु तेवढे म्हणण्याबद्दल आईने काकूंच्या हातावर चार आणे ठेवले असते तर? हा प्रश्न मला यंदा प्रथमच पडला, आणि तो पाडला एका मोसंबीच्या बागेने.

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात माझ्या एका स्नेह्यांची बाग आहे. यंदाचा आंबिया बहार व्यापाऱ्याला न देता पेट्या भरून थेट पुण्यामुंबईच्या घरांत पाठवावा, असे त्यांनी ठरविले. शहरातील एक जनसंपर्क संस्था मदतीला पुढे आली. फेसबुक आणि इन्स्टाग्राम ती सांभाळणार, चित्रे आणि मजकूर तिचा. शिवाय शे-दोनशे 'समाधानी ग्राहकां'चे अभिप्राय ती मिळवून देणार आणि तक्रारींना परस्पर गोड उत्तरेही देणार. स्नेही मला म्हणाले, "गप्प बसलो तर माल बांधावर राहतो, आणि यांना बोलावले तर मनाला टोचते. काय करू?"

उत्तर वरवर पाहता सोपे आहे. याच जिल्ह्यातील जांब गावी १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला, आणि 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणे सांगताना त्यांनी आपल्याच तोंडाने आपली स्तुती करणाऱ्याला त्या पंगतीत बसविले आहे. मग भाडोत्री तोंडाने ती करविणाऱ्याचे पान कोठे मांडावे?

पण थांबा. मोसंबी काही स्वतः बोलत नाही. खऱ्या मालालाही कोणाचे तरी तोंड लागतेच. जालन्याच्या बियाण्यांचेच पाहा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे 'महिको' स्थापन केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बी ही मुळातच विश्वासावर विकण्याची वस्तू. पिशवीत डोकावून कोणाला पीक दिसत नाही; तेव्हा विकणाऱ्याला आधी सांगावेच लागते. मात्र पुढे शेत बोलते, आणि शेजारच्या बांधावर उभे राहून ते ऐकणारा शेतकरी कोणाचा पगारी नसतो. सांगणे हा गुन्हा नव्हे. बांधावरचा साक्षीदार विकत घेणे हा गुन्हा.

मला आमच्या गावचा दवंडीवाला आठवतो. तोही पैसे घेऊनच ओरडत असे. परंतु तो आधी हलगी वाजवी. त्या आवाजाबरोबर पोरासोरांनाही कळे की, आता जे ऐकावयाचे ते कोणीतरी सांगावयास लावलेले आहे. हलगी हाच त्याचा प्रामाणिकपणा. तोच जर हलगी घरी ठेवून पारावर येऊन बसला असता आणि सहज बोलल्यासारखे करून तोच निरोप लोकांच्या कानात घालू लागला असता, तर शब्द तेच राहूनही ती लबाडी झाली असती. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी नियम केला की, मोबदला घेऊन केलेल्या शिफारशीवर ती जाहिरात असल्याची खूण असावी. हा नियम म्हणजे दुसरे काय, हलगीच ती!

यावर स्नेही म्हणाले, "बाकीचे तर बिनहलगीचेच ओरडतात. मी एकट्यानेच का मागे राहावे?" हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. खरे बोलणाऱ्याचा एखादा बहार तोट्यात जाऊ शकतो, आणि तो तोटा सल्ला देणाऱ्याच्या खिशातून जात नाही. तरीही मी त्यांना एवढेच म्हटले की, जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते नाव तुमच्या एकट्याचे नाही. गावच्या विहिरीसारखे ते सगळ्यांचे आहे. खोटे अभिप्राय एकाचे उघडे पडले, तर शेजाऱ्याच्या खऱ्या फळाकडेही गिऱ्हाईक संशयाने पाहील. आणि चार आण्यांची गोष्ट एकदा कळल्यावर काकूंच्या मनापासूनच्या कौतुकालाही काय किंमत राहणार?

राहिल्या तक्रारी. तोंड भाड्याने घेता येते. कान भाड्याने घेता येत नाही. ज्याच्या पेटीत सुकलेले फळ निघाले, त्याला गोड वाक्य नको असते. झाडाच्या मालकाला ते कळले, एवढे त्याला हवे असते. मालकालाही ते कळावयास हवे, नाहीतर पुढल्या वर्षी तो पाणी कोठे वाढविणार?

अखेर स्नेह्यांनी संस्थेला कामावर घेतले, पण अटी घालून: चित्रे खऱ्या बागेची, मजकूर बागेच्या नावाने, विकतचा अभिप्राय एकही नाही, आणि तक्रारीचा फोन स्वतःच्या खिशात. संस्थेला हा व्यवहार फारसा रुचला नाही. पेट्याही अपेक्षेपेक्षा हळू खपत आहेत.

परवा आमच्याकडे त्यांची पेटी आली. वर त्यांच्या हातची चिठ्ठी होती: "यंदा फळ जरा लहानच राहिले आहे." मला आईची चकली आठवली आणि हसू आले. पेटी उघडून पाहतो तो फळ खरोखरच लहान होते.