जामीनदार

कर्जविभागात अठरा वर्षं काढली की माणसाचा माणसावरचा विश्वास उडतो असं नाही, फक्त तो विश्वास साक्षांकित प्रतीसह मागायची सवय लागते. समोरचा अर्जदार मासिक उत्पन्नाचा आकडा सांगू लागला, की मी मनातल्या मनात त्यातून एक तृतीयांश वजा करून मोकळा होतो. अशा माणसाने गेल्या डिसेंबरात स्वतःच एक अर्ज भरला. कळसूबाईच्या सहलीचा.

आमच्या डोंबिवलीतली एक मंडळी दर हिवाळ्यात वाटाड्यासह डोंगरसहली काढतात. त्यांच्या पत्रकात सहलींच्या तीन प्रती होत्या. राजमाची सोपी, कळसूबाई मध्यम आणि अलंग-मदन-कुलंग अवघड. अवघडच्या पुढे ‘दोराचा सराव आवश्यक’ असं लिहिलं होतं, म्हणून तो प्रश्न मिटला. सोपीत शाळेची पोरं असणार. राहिली मध्यम. मी मध्यमवर्गीय, मध्यम उंचीचा, बी.कॉम.ला सेकंड क्लास मिळालेला. ही सहल माझ्यासाठीच काढली आहे याबद्दल मला शंका उरली नाही.

मग प्रश्नावली. पाच किलोमीटर चाळीस मिनिटांत धावू शकता का? मी आठ चौदाची लोकल धावत पकडतो. होय. पाच मजले न थांबता चढता का? रोज रेल्वेचा पूल चढतो. होय. रक्तदाब? आता रोज अर्धी गोळी घेतो खरा, पण अर्ध्या गोळीला काय रक्तदाब म्हणायचं? नाही. सौ. मागून बघत होती. ‘‘अहो, हे कोणाबद्दल लिहिताय?’’ एवढंच म्हणाली.

मी खोटं लिहिलं का? खरं सांगतो, लिहिताना मला ते सगळं पटत होतं. पण माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या अर्जदारालाही त्याचा आकडा पटतच असतो! तो आधी स्वतःला फसवून येतो, मग माझ्याकडे वळतो.

कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. कसाऱ्याला उतरून जीपने बारी गावात गेलो आणि सकाळी सहाला चढायला लागलो. पहिला अर्धा तास मी पुढच्यांना सूचना देत होतो. दुसऱ्या अर्ध्या तासात सूचना बंद झाल्या. पहिल्या लोखंडी शिडीच्या टोकाशी डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी एका दगडावर बसलो तो बसलोच.

आमच्याबरोबर दोन वाटाडे. एक सर्वांत पुढे, एक सर्वांत मागे. मागच्याच्या मागे कोणी राहायचं नाही, हा नियम. मागचा वाटाड्या बारीचाच पोरगा. त्याने माझी सॅक काढून घेतली, पाणी पाजलं आणि म्हणाला, ‘‘काका, आता उठायचं नाही.’’ त्याच्या जरा पुढे एक बाई चालल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, वय बासष्ट. त्यांनी अर्जात लिहिलं होतं, ‘सावकाश चालते, उतरताना गुडघा दुखतो, सहा महिने रोज टेकडी चढते आहे.’ सगळं स्वच्छ कळवून, परवानगी घेऊन आल्या होत्या.

पुढची मंडळी केव्हाच वरच्या शिड्यांकडे गेली होती. वाटाड्या मला सोडून जाणार नव्हता आणि बाईंना एकटं पुढे सोडणार नव्हता. त्यामुळे बाईही थांबल्या. तास गेला, दीड गेला. मला हुशारी येईपर्यंत परतीची ठरलेली वेळ झाली. बाईंनी एकदा वर बघितलं. मग पिशवीतून आवळासुपारीची डबी काढून माझ्यापुढे धरली. ‘‘घ्या, बरं वाटेल.’’

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

बँकेत कर्ज थकलं की जामीनदाराला नोटीस जाते. पण त्याने निदान सही केलेली असते. माझ्या अर्जाला बाई जामीनदार होत्या आणि त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. बरं, ऐपतीपेक्षा जास्त मागणं हा गुन्हा म्हणावा, तर बँका कशा चालतील? बासष्टाव्या वर्षी कळसूबाई मागणं हेही जास्तच की. पण त्यांनी मागताना गुडघा टेबलावर मांडला होता. मी गोळी खिशात ठेवली होती.

उतरताना त्यांचा गुडघा दुखला. त्या तसं म्हणाल्या आणि थांबल्या. आम्हीही थांबलो.

यंदा राजमाचीचं पत्रक आलं. मी पहिल्यांदा फोन करून विचारलं, वाट कोणती? लोणावळ्याहून गेलं तर चाल लांब पण चढ बेताचा. कोंढाण्याच्या लेण्यांकडून वर आलं तर तीच ‘सोपी’ राजमाची घाम काढते. लोणावळ्याहून म्हणाले. मग डॉक्टरांकडे जाऊन आलो आणि अर्ज भरायला बसलो. ‘इतर माहिती’ या रकान्यात दोनच ओळींची जागा होती. मी पुरवणी जोडली.