महापालिकेची वकिली

चि. मुक्ता हिस,


महापालिकेच्या पॅनेलवर वकील म्हणून जायचं मनात आहे, पण आपली पार्श्वभूमी पुरेल का, असं तू विचारलंस. पदवी, सनद, थोडी वकिली एवढं अर्जाला लागतंच. ज्या तयारीवर हे काम चालतं ती अर्जात दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मुंबईत तुझ्या टेबलावर सतत राहील तो १८८८चा महापालिका कायदा. त्यातलं कलम ३५१ पक्कं कर. बेकायदा बांधकामाची नोटीस त्याखाली निघते आणि ती हाती पडली की मालक मनाईहुकमासाठी दिवाणी न्यायालयात धाव घेतो. मग बऱ्याचदा सारा वाद एका तारखेवर येऊन थांबतो. निवासी बांधकाम १७ एप्रिल १९६४ पूर्वीचं, बिगरनिवासी १ एप्रिल १९६२ पूर्वीचं असेल तर पालिका ते चालवून घेते. मालक मालमत्ता कराचा जुना उतारा पुढे करतो. तो नीट बघ. उताऱ्यातलं मोजमाप आणि आजचा गाळा जुळतो का? तेव्हा पत्रा होता, आता स्लॅब कसा? पोटमाळा कधी चढला? याची उत्तरं वॉर्डातल्या अभियंत्याकडे आणि प्रत्यक्ष जागेवर मिळतात. खात्याच्या रिमार्क्सवरच उभा राहणारा वकील न्यायाधीशांच्या दुसऱ्या प्रश्नाला अडकतो. तू जागा बघून ये, ऊन असो की पाऊस.

ओल्गा टेलिस खटल्याचा १९८५चा निकाल मुळातून वाच. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांना हटवण्याचं ते प्रकरण, आणि निकाल सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांचा. याच महापालिका कायद्याच्या कलम ३१४खालचा पालिकेचा हटवण्याचा अधिकार कोर्टाने कायम ठेवला. पण उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो आणि माणसाचं म्हणणं सहसा ऐकूनच घ्यायला हवं, हेही बजावलं. पालिकेच्या वकिलाने या निकालाचा निम्माच भाग वाचून दाखवू नये, असं माझं ठाम मत आहे. रतलाम नगरपालिकेचा १९८०चा निकालही वाच. गटारं बांधायला पैसे नाहीत, ही सबब तिथे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नव्हती.

तुझा अशील म्हणजे हे शहर. त्यात बांधकाम करणारा आला आणि त्याच्यामुळे ज्यांची वाट अडली तेही आले. म्हणून नोटीस सदोष दिसली तर सुनावणीची वाट बघू नकोस. ती मागे घेऊन नव्याने काढा, असं साहेबांना लेखी कळव. काहींना ते रुचणार नाही, तरी कळव. बळकट प्रकरण मात्र शेवटपर्यंत लढ, तारखांवर तारखा घेऊन सडू देऊ नकोस.

अर्ज जरूर कर. त्याआधी महिनाभर दिवाणी न्यायालयात बसून ३५१ची प्रकरणं ऐक.

तुझा,
काका